अण्णांचा गॉगल फेकायचा नाही

आज दुपारी एका मॉलमधल्या चष्म्याच्या दुकानातून मी रडवेली होऊन बाहेर पडले. घरी येऊन तीन तास झाले, दोनदा चहा झाला, तरी राग उतरत नाही. म्हणून लिहितेय. लांबेल, आधीच सांगते.

पर्समध्ये अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, गॉगल होता. साधी काळी फ्रेम, तपकिरी काचा, दांड्यांवर ना कुठलं नाव ना कसलं चिन्ह. १९८४ साली कोल्हापुरात महाद्वार रोडवर घेतलेला. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. बरीच वर्षं त्यांच्याकडे दुपारची कोल्हापूर-रत्नागिरी होती. मलकापूर मागे पडलं की सूर्य समोर यायचा, तो आंबा घाट उतरून साखरपा गाठेपर्यंत पुढ्यातच. "डोळं दिपत्यात गं त्या उन्हानं," म्हणायचे. म्हणून हा गॉगल. २००६ साली रिटायर होईपर्यंत तोच. २२ वर्षं, एक गॉगल. ते गेल्यावर आईनं तो त्यांच्या खाकी शर्टाच्या घडीत ठेवला होता, यंदा दिवाळीत मला दिला. उजव्या काचेवर मोठा ओरखडा आहे आणि एका दांडीचा स्क्रू ढिला झालाय. मला फक्त माझ्या नंबरच्या तपकिरी काचा बसवून हव्या होत्या. गाडी चालवताना लावायला.

काउंटरवरच्या मुलानं तो दोन बोटांत उचलला, उलटासुलटा केला आणि म्हणाला, "मॅडम, हे फेकून द्या. याच्यात काच बसवताना फ्रेम तुटली तर आमची जबाबदारी नाही. आणि सेम टू सेम पीस आलाय आपल्याकडे, हेरिटेज कलेक्शनमध्ये." असं म्हणून त्यानं मागच्या दिवे लावलेल्या कपाटातून एक काढून समोर ठेवला. खरंच सेम टू सेम. काळी साधी फ्रेम, तपकिरी काचा, वर नाव नाही. किंमत १४,५००.

म्हणजे माझ्या बापाचा खरा गॉगल कचरा, आणि त्याची नक्कल हेरिटेज?

त्या पोरावर राग नाही माझा. त्याला जे शिकवलंय ते तो बोलला, दिवसभर उभा असतो बिचारा. राग आहे तो या सगळ्या बाजारावर. गेली दोन-तीन वर्षं बघताय ना तुम्ही? सगळीकडे "साधं तेच भारी" सुरू आहे. मोठ्ठी नावं कोरलेले पट्टे, कपाळभर पसरलेले गॉगल, चमचमणाऱ्या पर्सा आता मागे पडल्या म्हणे. आता बारीक फ्रेम, कासवाच्या पाठीसारखा तपकिरी रंग, चामड्याचा साधा पट्टा, पांढऱ्या डायलचं घड्याळ. मला आनंदच झाला होता याचा! खरंच झाला होता. मला वाटलं, चला, आपल्या आईबापांची नजर बरोबर होती हे जगाला उशिरा का होईना कळलं. आज कळलं की जगाला काहीही कळलेलं नाही. फक्त दिसणं उचललंय.

हे साधे गॉगल मुळात आले कुठून, ते जरा बघा. रेबॅनचा एव्हिएटर १९३७ चा. विमान चालवणाऱ्यांना वर ढगांपाशी उजेडाचा त्रास व्हायचा, त्यासाठी अमेरिकेतल्या बॉश अँड लाँब या भिंगं करणाऱ्या कंपनीनं तो बाजारात आणला. काचा थेंबासारख्या खाली ओघळलेल्या का, तर वैमानिकाला सारखं खाली घड्याळं आणि काटे बघावे लागतात, तिथंही डोळा झाकला जावा म्हणून. आणि इटलीतल्या पर्सोलचं ६४९ नंबरचं मॉडेल, ज्यावर आजचे सगळे फॅशनवाले जीव टाकतात, ते १९५७ साली तुरीन शहरातल्या ट्रामच्या ड्रायव्हरांसाठी बनवलं होतं. ट्रामच्या ड्रायव्हरांसाठी! उघड्या बाजूंनी धूळ आणि वारा डोळ्यांत जायचा म्हणून. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला अण्णा आठवून भरून आलं होतं. तुरीनची ट्राम काय आणि आंबा घाटातली लाल गाडी काय, समोरच्या काचेतून येणारं ऊन तेच.

आज हे दोन्ही ब्रँड एकाच कंपनीच्या हातात आहेत. लक्झॉटिकानं पर्सोल १९९५ साली घेतला आणि रेबॅन १९९९ साली. धंदा आहे, करोत. पण कष्टकऱ्याच्या डोळ्यांसाठी केलेली वस्तू दिवे लावलेल्या कपाटात गेली, आणि एका कष्टकऱ्याचा खराखुरा गॉगल काउंटरवर आला तर म्हणतात फेकून द्या. याची मला चीड आहे.

आमच्या कोल्हापूरकरांना तर हे नवीन नाही. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटलीतल्या महागड्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये आपलं कोल्हापुरी पायताण पोरांच्या पायात घालून चालवलं आणि आधी नाव काय दिलं, तर चामड्याची सँडल. २०१९ पासून जीआय, म्हणजे ही वस्तू याच भागाची असं सरकारी मानांकन, असलेली वस्तू! सगळ्यांनी आरडाओरडा केला तेव्हा कुठं कोल्हापूर कबूल केलं. बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं कातडं, हातानं घातलेली वेणी, नवं असताना तेल पाजत पाजत पायाला बसवायचं. साधेपणा आमचा, लेबल त्यांचं. हो, त्यामुळे चपलेला मागणी वाढली असेल, कारागिरांचं चार पैशानं भलं झालं असेल तर चांगलंच आहे. तेवढं मान्य.

पण मी गॉगलचं सांगत होते.

अण्णा गॉगल कसा वापरायचे हे मला आज सारखं आठवतंय. गाडी स्टँडवर लागली की आधी गॉगल काढायचे, मग दार उघडायचे. कंट्रोलरशी बोलताना, कुठली म्हातारी "ह्यी गाडी साखरप्याला थांबती का रं बाबा" म्हणून विचारायला आली तरी, गॉगल आधी शर्टाच्या खिशात. काळ्या काचेआडून माणसाशी बोलायचं नाही. हे त्यांनी आम्हाला कधी समजावून सांगितलं नाही, पण आमच्या अंगात भिनलं. मला आजही कुणी गॉगल न काढता माझ्याशी बोललं की आतून काहीतरी होतं. तुम्हालाही होत असणार, माहीत आहे मला.

आणि आता आपल्या चौकाचौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स बघा. भावी नगरसेवक, त्याच्या भोवती वर्तुळावर्तुळांत तीस शुभेच्छुक, आणि तिसांच्या तिसांच्या डोळ्यांवर गॉगल. गळ्यात चेन, मनगटात कडं, एकाचाही डोळा दिसत नाही. ज्याला मत द्यायचं त्याचे डोळे तरी दिसू देत! उलट ज्यांच्यापुढे आपण मान झुकवतो त्यांचे चष्मे आठवा. बाबासाहेबांचा गोल चष्मा. लहान पोरानं पाटीवर नुसती दोन वर्तुळं आणि मधली दांडी काढून खाली कोट काढला तरी कळतं कोण ते. पुलंची ती जाड काळी फ्रेम. त्या चष्म्यांवर कुणाचं नाव होतं हे कुणी विचारत नाही. काचेमागचे डोळे लक्षात राहिले. साधी वस्तू एवढं काम करते. माणसाच्या पुढे पुढे येत नाही.

माझा भाचा म्हणेल, मावशी, आम्हाला चमकायला आवडतं, तुझं काय जातं? काही जात नाही रे. विशीत चमकावं माणसानं. पण दर सहा महिन्यांनी नवीन गॉगल आणि जुना खणात, हे मला बघवत नाही. पाच गॉगल आहेत त्याच्याकडे. पाचही साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकचे. बिजागरी एकदा निखळली की संपलं, तिथं नवा स्क्रूही बसत नाही.

हे मला आजच कळलं, कारण मॉलमधून निघाले ती सरळ पेठेत गेले. आमच्या ऑफिसातल्या एकीनं एका जुन्या चष्मेवाल्यांचं दुकान सांगितलं होतं. बोळात, पाच फूट रुंद, वयस्कर गृहस्थ. त्यांनी गॉगल हातात घेतला आणि आधी चांगला मिनिटभर नुसता बघत राहिले. मग म्हणाले, "छान सांभाळलाय. शीटमधून कापून केलेला आहे हो हा, साच्यातला नाही." ॲसिटेट म्हणतात त्याला. कापसाच्या आणि लाकडाच्या तंतूंपासून करतात, त्याचा जाड तक्ता कापून घासून फ्रेम तयार होते. म्हणून ती तापवली की मऊ पडते, वाकवता येते, काच बसवता येते, घासली की पुन्हा चमकते. पूर्वी आम्ही गरम वाळूत धरायचो, म्हणाले, आता हीटर आहे. बिजागरीत सुई घातली, थेंबभर तेल सोडलं, नवा स्क्रू पिळला. चार मिनिटं. त्याचे पैसे घेतले नाहीत.

मग त्यांनी गॉगल काउंटरवर उलटा ठेवला, तर डावी दांडी बाहेरच्या बाजूला झुकलेली. मला विचारतात, "एका हातानं काढायचे का हो वडील?"

मी बघतच राहिले. हो. एकाच हातानं काढायचे. उजव्या हातानं उजवी दांडी धरून, कारण डावा हात गिअरवर. २२ वर्षं तसंच ओढून ओढून समोरची दांडी बाहेर गेली. हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. त्या माणसाला एका नजरेत दिसलं. तिथं मात्र मी खरंच रडले.

एक गोष्ट मला मुकाट्यानं मान्य करावी लागली. जुन्या काचा ठेवू नका, म्हणाले. नुसत्या गडद असून भागत नाही, गडद काचेमागे बाहुली मोठी होते, आणि काच अतिनील किरण अडवत नसेल तर ते जास्तच आत जातात. आताच्या काचा त्या बाबतीत चांगल्या. ठीक आहे. काचा नव्या. रंग मात्र तोच तपकिरी, कारण त्यानं निळसर धूसरपणा कापला जातो आणि रस्ता उठून दिसतो. घाटात धुक्याचं ऊन असतं तेव्हा अण्णा म्हणायचे, "हिच्यातनं रस्ता सोच्च दिसतोय." त्यांना शास्त्र माहीत नव्हतं, अनुभव होता. काचा-मजुरी सगळं धरून हजार-बाराशेत होईल म्हणाले.

इथपर्यंत लिहून झालं होतं आणि शेवटी मी "त्या पिढीला साधेपणाची जाण होती" वगैरे लिहिणार होते. तेवढ्यात आईचा फोन आला. तिला सगळं सांगितलं. मॉल, ते १४,५००, पेठेतलं दुकान. ती शांतपणे म्हणाली,

"अगं, त्यास्नी त्यो नकोच हुता."

म्हटलं, म्हणजे?

"सोनेरी दांड्यांचा बघून ठेवला हुता की त्यांनी. दोनदा घालून आरशात बघिटला. पर त्या वर्षी पावसाच्या आधी घराचं पत्रं बदलायचं हुतं. आन् सोनेरी घालून डेपोत गेलं असतं तर समदी हसली असती. म्हणून गप काळा घेतला."

दहा मिनिटं मी काही लिहू शकले नाही.

वरचं काही खोडत नाहीये. दुकानाबद्दलचा राग आहे तसाच आहे, फ्लेक्सबद्दलचाही. पण अण्णांचा साधेपणा ही त्यांची आवड होती असं मी चाळीस वर्षं धरून चालले होते, ते तसं नव्हतं. महाद्वार रोडवरच्या त्या आरशासमोर, ड्यूटी संपवून, खाकीवर सोनेरी दांड्यांचा गॉगल लावून स्वतःकडे बघणारे अण्णा मला आज पहिल्यांदा दिसले. पस्तीस वर्षांचे. माझ्याहून लहान. छान दिसत असणार हो ते. आणि मग तो काढून परत ठेवला असेल, एका हातानं की दोन हातांनी कोण जाणे. पेठेतल्या गृहस्थांनी विचारलं होतं, दांडी सरळ करू का? मी नको म्हणून सांगितलंय. "मग घसरेल हो नाकावरून," म्हणाले. घसरू दे. वर ढकलीन.

गुरुवारी संध्याकाळी गॉगल मिळणार आहे. शनिवारी कोल्हापूरला जातेय आणि रविवारी दुपारी आईला घेऊन आंबा घाट उतरून साखरप्यापर्यंत जाऊन यायचं ठरलंय. तिनं विचारलं, "तुझ्या गाडीनं का?"

नाही आई. एसटीनं.