सॉल्व्हंटचा पीएच १ म्हणे!

परवा सेकंड शिफ्टला स्टोअरमध्ये नवीन क्लीनिंग सॉल्व्हंटचा ड्रम उतरवताना झाकण सैल निघालं आणि आमच्या कॉन्ट्रॅक्टवरच्या पोराचा हात कोपरापर्यंत भिजला, थोडं डोळ्यात पण उडालं. आयवॉशपर्यंत, म्हणजे डोळे धुवायच्या नळापर्यंत त्याला नेला तर आयवॉशपुढे पॅकिंगचे खोके रचलेले (त्या खोक्यांवर मी याआधी किती मेल टाकलेत ते विचारूच नका), लाथेने उडवले, पोराला पाण्याखाली धरायला एकाला उभं केलं, पंधरा मिनिटं हलू द्यायचा नाही म्हटलं, आणि मी पळालो एसडीएस आणायला, म्हणजे सेफ्टी डेटा शीट, केमिकलमध्ये काय आहे आणि अंगावर गेलं तर काय करायचं ते सांगणारा कागद. कारण डॉक्टर पहिला प्रश्न विचारणार, डोळ्यात नक्की गेलंय काय?

त्या शीट्सची फाईल क्यूएच्या, म्हणजे क्वालिटीवाल्यांच्या कपाटात. कपाटाला कुलूप. चावी ज्याच्याकडे तो जनरल शिफ्टचा, बसने केव्हाच ऐरोलीच्या पुढे गेलेला. आमच्याकडे ती हिरवी फाईल म्हणजे देव्हाऱ्यातली पोथी आहे, कोणी उघडत नाही, ऑडिटच्या आदल्या दिवशी तेवढी पुसून ठेवतात.

बरं, भिंतीवर क्यूआर कोड आहे की! डिजिटल रे बाबा आम्ही. तो कोड लावलाय सॉल्व्हंट स्टोअरच्या आत, आणि दारावर बोर्ड 'मोबाईल नेण्यास सक्त मनाई'. ज्याच्या डोक्यातून ही आयडिया निघाली त्याला बक्षीस पण मिळालंय, सेफ्टी वीकमध्ये, मी टाळ्या वाजवल्यात तिथे बसून.

मग पर्चेसवाल्याला फोन. हा नवीन सप्लायर त्याचाच शोध, लिटरमागे काहीतरी स्वस्त पडतं म्हणून. "सर तेच मटेरियल आहे हो, फक्त स्वस्त." तेच म्हणजे कुठलं ते सांग ना! तर व्हॉट्सॲपवर त्याने लॅपटॉपच्या स्क्रीनचा तिरपा फोटो पाठवला, नऊपैकी दोन पानांचा, त्यात पण ट्यूबलाईटचं रिफ्लेक्शन. शिव्या दिल्यावर पूर्ण पीडीएफ आली.

आता ती पीडीएफ. मी हा कागद फ्रेम करून घरी लावणार आहे.

सेक्शन ३, म्हणजे आत काय काय आहे ते सांगायचा सेक्शन: 'ऑरगॅनिक सॉल्व्हंट्सचं मिश्रण, १०० टक्के.' संपलं. सीएएस नंबर, म्हणजे प्रत्येक केमिकलचा ओळख नंबर, तो नाही, काही नाही. टोल्युइन आहे, मिथेनॉल आहे, एसीटोन आहे, काय आहे? मिथेनॉल असेल तर डॉक्टर वेगळं बघणार ना? सेक्शन ९: वास, 'कॅरॅक्टरिस्टिक'. फ्लॅश पॉइंट, म्हणजे किती तापमानाला वाफ पेट घेते ते, 'उपलब्ध नाही'. आणि त्याच्याच खाली, पीएच १ पेक्षा कमी, म्हणजे जहाल ॲसिड. सॉल्व्हंटचा! पीएच मोजतात पाण्यातल्या द्रावणाचा, ऑरगॅनिक सॉल्व्हंटचा कसला पीएच! मी दोनदा चष्मा पुसला. मग पुढे वाचत गेलो तर सेक्शन १० मध्ये धातूशी संपर्क आल्यास हायड्रोजन सुटतो, धातूच्या भांड्यात ठेवू नये. आला कशात होता माल? लोखंडी ड्रममध्ये. तेव्हा कुठे ट्यूब पेटली, या सप्लायर महाभागाने कुठल्यातरी ॲसिड डीस्केलरची (क्षाराचे थर काढायचं ॲसिड) शीट उचलून वर नाव बदललंय फक्त. सेक्शन ११ मध्ये तर नाव बदलायचे कष्ट पण घेतले नाहीत, 'या डीस्केलरबाबत माहिती उपलब्ध नाही' असंच सोडलंय, आणि पानाच्या तळाला तिसऱ्याच कंपनीचं नाव.

सेक्शन ५ वाचून तर मी थंडच पडलो. आग लागल्यास भरपूर पाणी मारा. अरे तो सॉल्व्हंट पाण्यावर तरंगतो, पाणी मारलं तर पेटता थर गटारातून शेजारच्या प्लॉटपर्यंत जाईल, फोम किंवा पावडर लागते त्याला! सेक्शन १४, ट्रान्सपोर्ट: धोकादायक नाही. आणि ड्रमवर हा एवढा मोठा लाल डायमंड, ज्वाळेचं चित्र, खाली यूएन १९९३, म्हणजे ज्वलनशील द्रव. ड्रम खरा का कागद खरा? ड्रमवर विश्वास ठेवला मी, वास थिनरचा येत होता. नाकाने केलेली एसडीएस.

आणि इमर्जन्सी नंबर. चोवीस तास लिहिलंय. लावला. एका बाईंनी उचलला, म्हणाल्या इनव्हॉइस नंबर सांगा. म्हटलं ताई, माणसाच्या डोळ्यात गेलंय. "हो पण कुठल्या इनव्हॉइसचं?" मग म्हणाल्या साहेब उद्या अकराला येतील.

पोरगा ठीक आहे, डोळा वाचला, पाण्याने वाचला. शीटने नाही.

आणि हे काय आजचं आहे का? १९८४ ला भोपाळ झालं, तिथे डॉक्टरांना पेशंटला काय चढलंय हेच धड कळत नव्हतं. त्यानंतर १९८७ ला फॅक्टरी ॲक्टमध्ये धोक्याची माहिती कामगाराला द्यायलाच लागेल असं कलम घातलं, १९८९ च्या नियमांत शीटचा नमुना दिला, नंतर जगभर सोळा सेक्शनचा एकच साचा ठरला. साचा झकास आहे, माझं भांडण साच्याशी नाहीच. चौथ्यात प्रथमोपचार, आठव्यात हातमोजे, डोळे झाकून सापडायला पाहिजे. पण आठव्यात लिहितात काय, तर 'योग्य हातमोजे वापरा'. योग्य म्हणजे? एसीटोन नायट्राईल रबराच्या हातमोज्यातून बघता बघता आरपार जातं, त्याला ब्युटाईल रबराचा लागतो, आणि तोच ब्युटाईल टोल्युइनपुढे टिकत नाही. स्टोअरमध्ये आहेत ते निळे पातळ, कारण स्वस्त. पुन्हा पर्चेस!

डोंबिवलीत २०१६ ला स्फोट, २०२४ ला परत स्फोट, प्रत्येक वेळी आमच्या ठाणे-बेलापूर रोडवर आठवडाभर सगळे पॅनिक, फाईली बाहेर, मॉक ड्रिल, फोटो. मग परत कोल्ड्रिंकच्या बाटलीत सॉल्व्हंट काढून मशीनवर ठेवणं सुरू, विदाऊट लेबल.

घरी पण मला कोणी सहन करत नाही आता. डीमार्टमध्ये टॉयलेट क्लीनरची मागची बाजू वाचत उभा असतो, बायको ट्रॉली घेऊन तिसऱ्या रांगेत पोचलेली असते. परवा कामाच्या मावशींना बाथरूमच्या दारात उभं करून लेक्चर दिलं, ॲसिड आणि ब्लिच एकत्र टाकू नका, क्लोरीन सुटतो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "दादा, ते मला ठाऊके, तुमच्या लग्नाच्या आधीपासून घासतेय मी. आधी एक्झॉस्ट फॅन दुरुस्त करा." बोलती बंद. आमच्या पर्चेसपेक्षा मावशींना व्हेंटिलेशन जास्त कळतं, त्यांनाच सेफ्टी कमिटीवर घ्यायला पाहिजे.

असो. आज इन्सिडेंट रिपोर्टवर मीटिंग झाली. मूळ कारण काय ठरलं? 'ऑपरेटरमध्ये जागरूकतेचा अभाव.' सप्लायरचं नाव नाही, पर्चेसचं नाव नाही, कुलपाचं नाव नाही. मी आवाज चढवला तर एचआर म्हणे सर, पॉझिटिव्ह राहू या. उपाय म्हणून त्या पोराला ट्रेनिंग द्यायचं, विषय 'एसडीएस कशी वाचावी', देणार कोण तर मी, शनिवारी, म्हणजे माझ्याच सुट्टीच्या दिवशी. मेलमध्ये शेवटी बोल्ड करून लिहिलंय, वडापाव कंपनीतर्फे.