ब्रूस लीच्या त्या पिंगपाँग व्हिडिओबद्दल

ननचाकूने (साखळीने जोडलेल्या दोन दांडक्यांच्या शस्त्राने) पिंगपाँग खेळणाऱ्या ब्रूस लीचा कृष्णधवल व्हिडिओ ‘दुर्मिळ खरं चित्रीकरण’ म्हणून पुन्हा फिरतोय. मागे मीही तो पुढे पाठवला होता, म्हणून हा खुलासा.

ती नोकियाच्या फोनची 2008 सालची जाहिरात आहे. ब्रूस ली 1973 मध्येच गेला. पडद्यावर दिसतो तो त्याच्यासारखा दिसणारा नट, आणि चेंडू नंतर संगणकावर घातलेला.

मग तो खरंच लढू शकायचा का? हो. हाँगकाँगमध्ये इप मान या गुरूंकडे तो विंग चुन ही चिनी युद्धकला शिकला, 1958 मध्ये तिथली आंतरशालेय बॉक्सिंग स्पर्धा जिंकला. 1964 मध्ये अमेरिकेत ओकलंडला वाँग जॅक मॅन या दुसऱ्या कुंग फूपटूशी बंद दाराआड लढतही झाली. लीच्या पत्नीच्या मते ती तीनेक मिनिटांत संपली, वाँगच्या मते वीसेक मिनिटं चालली; निकालावरही दोघांचं एकमत नव्हतं. व्यावसायिक लढती मात्र तो कधीच खेळला नाही, त्यामुळे ‘एकही लढत न हरलेला विश्वविजेता’ ही व्हिडिओसोबत फिरणारी ओळही चूक. (मला तर ती बंद दाराआडची लढतच जास्त रंजक वाटते.)

व्हिडिओ आवडला तर जरूर बघा, पण ‘खरा’ म्हणून पुढे ढकलू नका. आधी पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.