तमाशाचा फड मोबाइलवर कसा उभा राहणार?

‘टाळेबंदीत मनोरंजनसृष्टी ऑनलाइन गेली आणि तरली’ हे करोनाच्या टाळेबंदीवरच्या एका लेखातलं वाक्य खटकलं. मालिकांपुरतं ते ठीक आहे. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रातलं चित्रीकरण थांबल्यावर कित्येक मालिकांची युनिट्स गोवा, दमणला गेली, एपिसोड चालू राहिले. पण तमाशाचं काय? मी पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावजवळचा. पाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या, म्हणजे तमाशा मंडळांच्या, राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन यात्रेतल्या खेळाची सुपारी देतात, म्हणजे खेळ ठरवून जातात. २०२० साली गुढीपाडवा नेमका २५ मार्चला, म्हणजे देशभर टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी. चैत्र-वैशाखाच्या यात्रांवर वर्षाची कमाई ठरते, ती अख्खीच बुडाली. पुढच्या वर्षीही यात्रा भरल्या नाहीत.

आमच्या आळीतल्या ढोलकीवाल्या काकांनी त्या उन्हाळ्यात ढोलकी गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकली आणि कांदे काढायला रोजंदारीवर जाऊ लागले. फडमालकाकडून घेतलेली उचल अंगावर होतीच. पोरांनी एकदा त्यांचं फेसबुक लाइव्ह केलं. पाच मिनिटं वाजवून ते थांबले, म्हणाले, "समोरून शिट्टी आल्याबिगर हात चालत नाही रं." तरल्याचा हिशेब मांडताना ही माणसंही मोजा.