घोडं कुठं पेंड खातंय?

मजकूर लिहायचा माझा एडिटर उत्तम आहे. त्याला ज्या कमांडलाइन प्रोग्रॅमकडून काम करून घ्यायचं असतं, तोही उत्तम आहे. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, हाताने चालवला की मुकाट्याने काम करतो. दोघांच्याही वागण्याला नाव ठेवायला जागा नाही. फक्त या दोघांची गाठ घालून दिली की कुणीतरी कुणाचं तरी ऐकेनासं होतं, आणि घोडं नेमकं कुठं पेंड खातंय हे शोधण्यात माझी सुट्टी जाते.

जाणकारांना विचारून उपयोग नसतो. ते आधी विचारतात, "टर्मिनलमध्ये चालतं का?" चालतं म्हटलं की समाधानाने मान डोलावतात आणि "मग झालं तर!" म्हणून आपल्या कामाला लागतात. काय झालं, ते आपलं आपण शोधायचं.

मुळात एडिटर आणि प्रोग्रॅम एकमेकांशी फारसं बोलतच नाहीत. बहुतेक वेळा मध्ये शेल असतो, कमांड वाचून प्रोग्रॅम चालवणारा. अबोला धरलेल्या नवरा-बायकोत निरोप पोचवणारं पोर असतं ना, तसा. पोर हुशार असतं, आणि सगळा घोटाळा त्या हुशारीचाच. निरोपात तारांकन दिसलं की हा फोल्डरमधल्या सगळ्या फायलींची नावं वाचून दाखवणार. मोकळी जागा दिसली की वाक्याचे दोन तुकडे करणार. 'अंतिम मसुदा' नावाची फाइल मी एकदा या मार्गाने धाडली. पलीकडून खणखणीत उत्तर आलं, 'अंतिम' अशी कुठली फाइल नाही. 'मसुदा' अशीही नाही. पहिल्या उत्तराशी मी मनातून सहमत होतो.

पण खरी सुरुवात झाली ती एका परिच्छेदापासून. लांब-आखूड ओळी एका मापात बसवून देणारा एक छोटा प्रोग्रॅम आहे. परिच्छेद निवडला, त्यातून गाळून परत आणायची कमांड दिली, एन्टर मारलं. परिच्छेद गेला. त्याच्या जागी एकच ओळ उभी: कमांड सापडली नाही. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत १२७.

या आकड्यांना अर्थ असतो. ० म्हणजे सगळं ठीक. १२६ म्हणजे प्रोग्रॅम सापडला, पण चालवता येईना. १२७ म्हणजे मुळात सापडलाच नाही. (ग्रेप या शब्द शोधणाऱ्या प्रोग्रॅमला काही मिळालं नाही की तो प्रामाणिकपणे १ सांगतो, आणि काही प्लगिन, म्हणजे एडिटरला जोडलेले पूरक प्रोग्रॅम, तेवढ्यावरून लाल पट्टी झळकावून बोंब मारतात.) तक्रारी खरं म्हणजे वेगळ्या वाटेने यायला हव्यात, त्यासाठी स्टँडर्ड एरर नावाची स्वतंत्र वाट आहे. पण अनेक एडिटर दोन्ही वाटा एकत्र करतात, आणि पलीकडून जे येईल ते इमानेइतबारे मजकुराच्या जागी चिकटवतात. मजकूर असो की शिवी, त्यांना सारखंच. नशीब, अनडू आहे.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टमचे एक कर्ते केन थॉम्पसन यांच्या १९६९ सालच्या ईडी या एडिटरची इथे आठवण होते. काहीही चुकलं तरी तो फक्त '?' एवढंच म्हणायचा. त्या काळी निदान अज्ञान दोन्ही बाजूंना सारखं वाटलेलं असे.

तर, प्रोग्रॅम का सापडला नाही? टर्मिनल उघडलं की शेल आपल्या सुरुवातीच्या फायली वाचतो आणि त्यातून पाथ नावाची यादी तयार होते: प्रोग्रॅम कुठकुठल्या फोल्डरात शोधायचे त्याची. माझा एडिटर मी चिन्हावर क्लिक करून उघडतो. तो त्या वाटेने आलेलाच नसतो. त्याच्या यादीत चार सरकारी फोल्डर असतात, हा प्रोग्रॅम ठेवलेला माझा खासगी फोल्डर नसतो. म्हणजे दोघेही खरं बोलत होते. असल्या खऱ्या बोलण्याचा मला फार मनस्ताप होतो.

इथे जाणकार परत आले. "अरे, शेलला इंटरॅक्टिव्ह कर. सेटिंगमध्ये एक आय टाकला की झालं." टाकला. १२७ गेला, परिच्छेद नीट मापात बसून परत आला. मात्र त्याच्या डोक्यावर एक नवी ओळ होती: 'सुप्रभात! आज काय नवीन?'

इंटरॅक्टिव्ह शेल, म्हणजे समोर माणूस बसलाय असं धरून चालणारा, सुरुवातीला बॅशआरसी नावाची फाइल वाचतो. माझ्याकडची ती फाइल याच जाणकारांनी कौतुकाने दिलेली, आणि तिच्यात टर्मिनल उघडताच स्वागत करणारी ओळ. आता ते स्वागत प्रत्येक परिच्छेदाचं होऊ लागलं. मी एक तक्रार अर्ज लिहीत होतो. 'सदर प्रकाराने मला अतोनात मनस्ताप झाला असून' या ओळीच्या डोक्यावर 'सुप्रभात! आज काय नवीन?' हे काही शोभून दिसेना. शिवाय त्याच फाइलमध्ये ग्रेपला कायम रंगीत बोलायला लावलेलं. टर्मिनलमध्ये रंगाच्या खुणा रंग होऊन दिसतात, एडिटरमध्ये त्या जशाच्या तशा उतरतात. शोधलेल्या प्रत्येक शब्दाच्या अलीकडे चौकोनी कंस, ०१;३१ आणि एम. शब्द सापडला होता, पण वाचता येत नव्हता.

शेवटी तो आय काढून टाकला आणि पाथ सरळ एडिटरच्याच सेटिंगमध्ये लिहिला. रंगाचं 'कायम' बदलून 'आपोआप' केलं, म्हणजे समोर टर्मिनल असेल तरच ग्रेप रंगात येतो. इतकं साधं होतं. जाणकारांना सांगितलं तर म्हणाले, "मी तेच म्हणत होतो."

मग आली शांतता. हा प्रकार सगळ्यात वाईट, कारण चूक निदान काहीतरी बोलते. एका प्लगिनमधून तोच प्रोग्रॅम चालवायचा होता. लहान मजकूर क्षणात परत यायचा. मोठा मजकूर दिला की एडिटर गोठायचा. आकडा नाही, तक्रार नाही, '?' सुद्धा नाही.

संगणकतज्ज्ञ डग मॅकिलरॉय यांनी १९६४ साली एका टिपणात म्हटलं होतं की प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यायला हवेत. १९७३ साली थॉम्पसन यांनी युनिक्समध्ये पाइप आणला: एका प्रोग्रॅमचं बोलणं दुसऱ्याला पोचवणारी नळी. या पाइपला पोट असतं आणि ते लहान असतं. लिनक्सवर सहसा ६५,५३६ बाइट. पोट भरलं की लिहिणाऱ्याने थांबायचं, पलीकडच्याने उपसेपर्यंत. आता आमचा प्लगिन शिस्तीचा. आधी सगळा मजकूर लिहून होईल, मगच उत्तर वाचायला घेईन, असा त्याचा बाणा. प्रोग्रॅम उरकता. वाचता वाचताच उत्तर लिहू लागला. उत्तराचा पाइप भरला, तो थांबला. थांबला म्हणून वाचायचाही थांबला. मग प्रश्नाचा पाइप भरला आणि प्लगिनही थांबला. "तुझं वाचून होऊ दे." "आधी तुझं होऊ दे." असे दोघे अत्यंत सभ्यपणे जन्मभर उभे.

त्यातून मजकूर मराठी. अक्षरं बाइटांत मांडायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. 'क्षमस्व' डोळ्यांना तीन अक्षरांचं दिसतं, पण त्यात चिन्हं सात आणि बाइट एकवीस. इंग्रजीत तेवढ्याच चिन्हांत क्षमा मागणारा सुखरूप पार पडतो, आपण तिप्पट लवकर अडकतो.

हे सगळं मला तेव्हा कुठं ठाऊक होतं! म्हणून मी एक हेर पेरला. प्रोग्रॅमच्याच नावाची चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली आणि पाथच्या यादीत सगळ्यात पुढे बसवली. तिने येणारा मजकूर आधी पूर्णपणे एका फाइलमध्ये उतरवून घ्यायचा, सोबत कुठले शब्द आणि कुठला पाथ आला ते टिपायचं, आणि मग खऱ्या प्रोग्रॅमला ती फाइल द्यायची. मोठा मजकूर पाठवला आणि गोठण्याची वाट बघत बसलो. एडिटर गोठला नाही. मजकूर छान मापात परत आला. पुन्हा पाठवला, पुन्हा आला.

हेर सगळं आधी गिळून घेत असल्यामुळे प्लगिनचं लिहिणं बिनबोभाट संपत होतं, आणि प्रोग्रॅमने तोंड उघडेपर्यंत तो ऐकायला मोकळा झालेला असायचा. गंमत म्हणजे विम नावाचा एडिटर मजकूर गाळताना मुळात हेच करतो: तात्पुरत्या फाइलमध्ये ठेवतो आणि तिथून देतो. हेर काढला की गोठतं, ठेवला की चालतं.

हेर आता कायम नोकरीत आहे. त्याची नोंदवही मात्र फुगत चाललीय. तक्रार अर्जाचे सगळे खर्डे तिच्यात आहेत, सुप्रभातसकट. ती रिकामी करणारी कमांड मी लिहून ठेवलीय. ती एडिटरला जोडायची आहे, पण डिस्कवर जागा बक्कळ आहे, घाई नाही.