"राग आलाय का?" विचारल्यावर भडकणाऱ्या मुलीबद्दल

ताई, मुलांच्या भावनेला नाव द्या, राग आला तर उशीवर बुक्के मारू द्या, असं सांगणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय, "भावनेला नाव द्या म्हणे! माझ्या 11 वर्षांच्या मुलीला 'राग आलाय का' विचारलं की ती दार आपटून निघून जाते. उशीवर बुक्के मारायला लावलं तर तासभर धुमसत राहते. हे सल्ले लेखातच शोभतात."

चूक माझी आहे. नाव द्या असं लिहिलं, पण ते कुणी द्यायचं आणि कधी, हे लिहिलंच नाही. सगळी मेख तिथेच आहे.

माझा मुलगा 12 वर्षांचा असताना एकदा वहीची पानं टराटरा फाडत बसला होता. मी दारातूनच, अगदी मऊ आवाजात विचारलं, "राग आलाय ना तुला?" त्याने वहीच भिरकावली. रात्री आम्ही दोघं कपड्यांच्या घड्या घालत होतो. हातात एक मोजा धरून, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "राग नव्हता आला. उत्तर चुकलं तेव्हा सगळे हसले." लाज वाटली होती त्याला, आणि मी भलतंच नाव चिकटवून मोकळी झाले होते.

चारचौघांत आपण कसे दिसतो, याची जाणीव याच वयात टोकदार होते. मग आपला प्रेमळ प्रश्नही त्यांना चोरी पकडल्यासारखा वाटतो. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन यांच्या 2007 च्या प्रयोगात फोटोतल्या चेहऱ्यावरच्या भावनेसाठी शब्द निवडला की मेंदूतल्या अमिग्डलाची, म्हणजे भीती-रागासारख्या भावनांशी जोडलेल्या भागाची, खळबळ कमी होताना दिसली. पण तिथे शब्द निवडणारी माणसं मोठी होती, शांत पडून होती, आणि शब्द त्यांचा त्यांनी निवडला होता.

उशीचा सल्ला मात्र मी मागे घेते. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या 2002 च्या प्रयोगात, चिडवणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग नुसतं गप्प बसलेल्यांपेक्षा जास्त राहिला. तुमच्या घरात दिसलं ते हेच.

ती भडकलेली असताना शक्य तितकं कमी बोला. "मी बाहेरच आहे," एवढं पुरे. कुणावर हात उगारला तर तिथल्या तिथे थांबवायचं, त्यात सूट नाही. श्वास हळूहळू, लांब सोडला की हृदयाची धडधड मंदावते हे खरं, पण त्याची सवय चांगल्या दिवशी लावावी लागते. ऐन भडक्यात तो आणखी एक हुकूम ठरतो.

नाव देण्याचा आग्रह मात्र मी सोडणार नाही. सुरुवात स्वतःपासून करा. "आज मी फार ओशाळले," असं तिच्या कानावर पडू दे. हिरमुसणं, खट्टू होणं, घुसमटणं, धास्तावणं... केवढे नेमके शब्द आहेत आपल्याकडे, आणि आपण मुलांच्या हाती फक्त 'राग' देतो.

एक विचारायचं राहिलं. दार आपटल्यानंतर ती साधारण किती वेळाने बाहेर येते, आणि तेव्हा पहिलं वाक्य कोण बोलतं? कळवाल का? तिथून पुढे बोलता येईल.