रेडिओग्राफरने शोधनिबंध कशाला लिहायचे?

‘रेडिओग्राफरने पोझिशन द्यावी, एक्सपोजर घ्यावं. संशोधन डॉक्टरांनी नि भौतिकशास्त्रज्ञांनी करावं. आपल्या कामात शोधण्यासारखं काही उरलेलं नाही, त्याला पैसा आणि यंत्रं लागतात, आणि छापलेलं कोणी वाचत नाही.’ हा मजकूर आपल्या व्यवसायातले, म्हणजे एक्स-रे काढणारे लोकच एकमेकांना पाठवतात, याचं मला वाईट वाटतं.

शोधण्यासारखं काही उरलं नाही? कित्येक दशकं आपण ओटीपोटाच्या एक्स-रेला जननेंद्रियांवर शिशाचं शील्ड ठेवत होतो. जुन्या प्रतिमा काढून तपासल्या तेव्हा शील्ड पुष्कळदा चुकीच्या जागी आढळलं. मुलींमध्ये तर जास्तच, कारण अंडाशय नेमकं कुठे आहे ते बाहेरून कळत नाही. शील्ड ऑटोमॅटिक एक्सपोजरच्या चेंबरवर, म्हणजे पुरेसे किरण पोचले की एक्सपोजर थांबवणाऱ्या सेन्सरवर आलं, तर यंत्र रुग्णाला मिळणारा किरणांचा डोस उलट वाढवतं. दरम्यान आयसीआरपी या किरणोत्सर्गापासूनच्या संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने जननेंद्रियांचा वेटिंग फॅक्टर (किरणांच्या एकूण धोक्यात त्या अवयवाचा धरलेला वाटा) १९७७ मधल्या ०.२५ वरून २००७ मध्ये ०.०८ वर आणला होता. अखेर २०१९ मध्ये एएपीएम या अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने नेहमीचं शील्डिंग थांबवायला सांगितलं. शील्ड कुठे सरकतं आणि का, हे टेबलाशी उभ्या असलेल्या माणसाइतकं कोणाला दिसतं?

पैशाचं म्हणाल, तर खराब म्हणून रिजेक्ट झालेल्या प्रतिमा मोजायला काय लागतं? सिस्टिममधल्या नोंदी, एक तक्ता आणि आधी घेतलेली एथिक्स कमिटीची परवानगी. डिजिटलमध्ये एक्सपोजर जास्त झालं तरी प्रतिमा बिघडत नाही, नॉइज (प्रतिमेतले दाणे) कमी होऊन ती अधिक स्वच्छच दिसते. म्हणून कोणाच्या लक्षात न येता डोस चढत जातो. एक्सपोजर इंडेक्सचे, म्हणजे डिटेक्टरवर किती किरण पोचले ते सांगणारे आकडे महिनोन्‌महिने लिहून ठेवल्याशिवाय हे पकडता येत नाही. डायग्नोस्टिक रेफरन्स लेव्हल, म्हणजे आपला डोस नेहमीपेक्षा जास्त आहे का ते ताडून पाहायची पातळी, ठरते तीही अनेक केंद्रांनी कळवलेल्या आकड्यांवरूनच, आणि कन्सोलवर ते आकडे रोज आपल्याच नजरेसमोर असतात.

‘कोणी वाचत नाही’ याचं उत्तर सोपं आहे. रेडिओग्राफरांची स्वतःची पीअर रिव्ह्यू (छापण्याआधी जाणकारांकडून तपासणी) होणारी नियतकालिकं आहेत, त्यातली काही सगळ्यांना मोफत वाचता येतात.

बढतीपुरते पेपर लिहिले जातात, हे खरं. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला लिहायला वेळ मिळत नाही, हेही खरं, आणि हीच माझी मुख्य तक्रार आहे. पण मग पाळीच्या वेळापत्रकात संशोधनाचे तास मागूया. आठवड्याचे दोन तास मिळाले तरी महिन्याभराच्या रिपीट्सची, म्हणजे पुन्हा काढाव्या लागलेल्या एक्स-रेंची कारणं नीट लिहून काढता येतात.