बालवाडीचा दिवस ठरवते पहिली

महाराष्ट्रात लहान मुलांच्या शाळेवरून अलीकडे बरेच वाद झाले. 2024 च्या फेब्रुवारीत पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा शासन निर्णय निघाला आणि त्यावर बसचालकांपासून पालकांपर्यंत सर्वांनी मते मांडली. 2025 च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय आला आणि प्रखर विरोधानंतर जूनअखेर तो मागे घेतला गेला. माध्यम मराठी असावे की इंग्रजी, हा वाद तर कायमचाच आहे. बर्लिनमध्ये राहून मी हे सारे मराठी वृत्तपत्रांतून वाचत असतो, आणि प्रत्येक वेळी एक प्रश्न अनुत्तरित राहतो: वेळ ठरली, भाषा ठरली, पण तीन ते सहा वर्षांचे मूल वर्गात गेल्यावर दिवसभर करते काय?

येथील बालवाडीला ‘किटा’ म्हणतात. माझी मुलगी तेथे जाऊ लागली तेव्हा पहिले तीन दिवस आम्हा पालकांपैकी एकाने वर्गात नुसते बसून राहायचे होते. मुलाला सोडून काही मिनिटे बाहेर जाण्याचा पहिला प्रयत्न चौथ्या दिवशी, आणि तोही मूल ताईंकडून समजूत काढून घेते की नाही हे पाहून पुढे वाढवायचा. शहराच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत आता जर्मनीत सर्वदूर रुळली आहे. दारात रडणारे मूल ओढून आत घ्यायचे आणि ‘दोन दिवसांत सवय होईल’ असे आईला सांगायचे, या आपल्याकडच्या रिवाजापेक्षा ती मला निःसंशय अधिक शहाणपणाची वाटते.

त्यानंतरचा दिनक्रम वरवर पाहता अगदी साधा असतो. नऊच्या सुमारास सगळी मुले गोल करून बसतात, गाणे म्हणतात, आज कोण आले आणि कोण आले नाही हे मोजतात, वार आणि हवामान सांगतात. मग बराच वेळ मुक्त खेळ, आणि पाऊस असो वा थंडी, रबरी बूट आणि चिखलाची विजार चढवून अंगणात जाणे. जेवणाच्या वेळी पाळीवर असलेली मुले टेबलावर ताटल्या मांडतात आणि छोट्या तांब्यातून स्वतःचे पाणी स्वतः ओतून घेतात. पाहुण्या पालकाला यात शिकणे कोठे आहे, असा प्रश्न पडतो. परंतु अकरा मुलांसाठी अकरा ताटल्या मांडणारे, एक कमी पडली की पुन्हा कपाटाकडे जाणारे मूल एकास-एक संगती शिकत असते, आणि तो अंकगणिताचा पाया आहे. विजारीची चेन लावणे, माती मळणे, कागद फाडून चिकटवणे यांतून बोटांना जे बळ येते, त्याच्याच आधारावर पुढे पेन्सिल धरली जाते. पुस्तकातले चित्र दाखवून ‘आता काय होईल?’ असे ताई विचारतात आणि मूल अडखळत पूर्ण वाक्य बोलते, तेव्हा वाचनाची तयारी सुरू झालेली असते.

यात परकीय असे काहीच नाही, हे मला मनापासून सांगावेसे वाटते. गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासह भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्या सोबतीने पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये हेच काम उभे केले. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा विचार होता. महागडी साधने परवडत नाहीत म्हणून बिया, शंख, पाने आणि माती यांतून मोजणी आणि वर्गीकरण शिकवायचे. हातपाय धुणे, केस विंचरणे, गाणी, गोष्टी हा रोजचा क्रम. बर्लिनच्या किटामधले ताटल्या मांडणे आणि कोसबाडचे बिया वेगळ्या करणे यांत तत्त्वाचा काहीही फरक नाही.

मग पुण्यातली माझी चार वर्षांची भाची दुरेघी वहीत पानभर अक्षरे का गिरवत असते? 2022 च्या राष्ट्रीय पायाभूत स्तर आराखड्याने खेळातून शिकण्यावरच भर दिला आहे, त्यामुळे दोष धोरणाच्या कागदात नाही. तिच्या आईवडिलांनाही मी नावे ठेवणार नाही, कारण त्यांचे गणित चोख आहे: नर्सरीत मिळालेला प्रवेश म्हणजे दहावीपर्यंतची जागा, आणि पहिलीच्या बाई मूल वाचता-लिहिता येते असे गृहीत धरून पुढे जाणार. न येणारे मूल पहिल्याच महिन्यात मागे पडते, आणि त्याला ते कळतेही.

खरा फरक मला येथेच दिसतो. बर्लिनमध्ये पहिलीचा वर्ग मुळाक्षरापासून सुरू होतो. पहिली आणि दुसरी मिळून जो आरंभिक टप्पा मानला जातो, तो मुलाच्या गतीनुसार एक, दोन किंवा तीन वर्षांतही पूर्ण करता येतो, आणि तिसरे वर्ष लागले तर ते नापास होणे धरले जात नाही. बालवाडीतल्या ताई मुलांना निर्धास्तपणे चिखलात खेळू देऊ शकतात, कारण पुढचे दार तशा मुलांसाठी उघडे आहे. आपल्याकडे पहिलीची अपेक्षा न बदलता बालवाडीला खेळकर व्हायला सांगणे म्हणजे बालवाडीतल्या ताईंना पालकांच्या रोषासमोर एकटे उभे करणे आहे.

येथे सर्व आलबेल आहे, असे मात्र कोणी समजू नये. वयाच्या पहिल्या वर्षापासून बालवाडीच्या जागेचा कायदेशीर हक्क 2013 पासून आहे आणि बर्लिनमध्ये 2018 पासून शुल्कही नाही, केवळ जेवणाचे थोडे पैसे द्यावे लागतात. परंतु ताई आजारी पडल्या की गट एकत्र होतात, वेळ कमी केली जाते, आणि तेव्हा तोच सुंदर दिनक्रम नुसती राखण होऊन बसतो. मुक्त खेळात घरी जर्मन न बोलणारे मूल कोपऱ्यात एकटे राहू शकते, हे मी पाहिले आहे, आणि त्याच्याशी बोलायला मोकळा असा मोठा माणूस नसेल तर खेळ त्याला भाषा देत नाही. 2024 मध्ये शहराच्या किटांमधील कर्मचाऱ्यांनी बेमुदत संपाची तयारी केली, तेव्हा मुख्य मागणी पगाराची नव्हती. एका ताईमागे किती मुले, हा प्रश्न होता. न्यायालयाने तो संप रोखला, आणि प्रश्न तेथेच राहिला.

त्याआधीच्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका संपावर गेल्या होत्या. त्यांची स्थिती किती वेगळी आहे! त्यांना वेतन नव्हे, मानधन मिळते. त्या उपदानास, म्हणजे ग्रॅच्युइटीस, पात्र आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाला 2022 मध्ये सांगावे लागले. मुलांची वजने घेणे, आहार वाटणे, गरोदर मातांच्या नोंदी, पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर माहिती भरणे, शिवाय सर्वेक्षणे, इतके झाल्यावर गोल करून गोष्ट सांगायला त्यांच्याकडे कोणता वेळ उरतो? म्हणून मला वाटते की पुढचा वाद वेळेचा वा भाषेचा होण्यापूर्वी दोन गोष्टी मागितल्या पाहिजेत. पहिलीच्या पहिल्या सहामाहीत कोणत्याही मुलाला वाचता-लिहिता येते असे शाळेने गृहीत धरू नये, हे खासगी शाळांनाही बंधनकारक व्हावे. आणि प्रत्येक अंगणवाडीत नोंदींच्या कामासाठी स्वतंत्र माणूस नेमून सेविकेचे सकाळचे तीन तास फक्त मुलांसाठी राखले जावेत. यातल्या दुसऱ्या मागणीला पैसा लागेल. पहिल्या मागणीला लागणार नाही, आणि ती येत्या जूनपासूनही अमलात येऊ शकते.